ठिपक्यांची कार्डं

सोमवार, ३ तारीख, दुपार

बाबा,

पाया पडते. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही तिकडे ठीक असाल असं धरून चालते. दादा, वहिनी, पोरं कशी आहेत? गुडघ्याला तेल लावायला वहिनीला सांगत जा. तुम्ही सांगत नाही आणि मग जिना उतरताना भिंत धरता.

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन दादाच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. सहावीत शाळा सुटली ती सुटली. चुकलंमाकलं सावरून वाचा.

ठमीला खालचा एक दात आलाय. आठ महिन्यांची झाली परवा. माझं बोट पकडते आणि दाताखाली धरून माझ्या तोंडाकडे बघत बसते, ही ओरडते का ते. मी पक्षाच्या कचेरीत कामावर जाते तेव्हा मागच्या खोल्यांतल्या मावशी तिला बघतात. त्या घरी बसून दप्तरांचे पट्टे शिवतात, तर ही त्यांच्या पायाशी चिंध्यांत लोळत असते. संध्याकाळी आणायला गेले तर यायला तयार नसते. तुमचे जावई महिन्यातले वीस दिवस ट्रकवर, तेव्हा मावशी नसत्या तर माझं काय झालं असतं ते मलाच ठाऊक.

आता कामाचं. निवडणूक वीस तारखेला आहे. मास्तर उभे आहेत हे तुम्हाला कळलंच असेल. त्यांचा घसा बसलाय, पण फिरतात. सोळाला रविवारी मोठी सभा आहे, मैदानावर. सगळ्यांचं म्हणणं आहे की तुम्ही यावं. नुसतं मंचावर बसलात तरी पुरे. तीस वर्षं शाखा तुम्ही चालवलीत, तुम्ही रुसून गेलात हे घरोघरी ठाऊक आहे, आणि तुम्ही परत दिसलात की जुनी माणसं परत येतील. दोनदा हरलो ते आपलीच माणसं घरात बसून राहिली म्हणून. पक्षाने कात टाकली आहे, तत्त्वं तीच आहेत, फक्त लोकांच्या मनातलं बोलायला पक्ष शिकला आहे. तेव्हा मागचं विसरून यावं ही विनंती.

कार्डांचं काम चालू आहे. तुम्ही लावून दिलं तसंच. एक नवीन पत्रकही निघालंय, लोक त्याच्याबद्दल बोलतात.

रविवारचं कळवा. बस सकाळी सहाची धरा, नंतरच्या बसमध्ये बसायला मिळत नाही.

तुमची धाकटी


सोमवार, १० तारीख

बाबा,

पाया पडते. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळी होत्या. पहिल्या ओळीत ठमीच्या दाताबद्दल लिहिलंत तेव्हा बरं वाटलं. बाकीच्या तीन ओळी मी किती वेळा वाचल्या ते विचारू नका.

तुम्ही लिहिलंत की मागच्या पत्रातलं कात टाकण्याचं वाक्य माझं नाही. नाहीच आहे. पाहुणेबुवा माझ्या टेबलाशी उभे राहून सांगत होते आणि मी लिहीत होते. तुम्ही ओळखाल असं मला वाटलंच होतं. ओळखावं म्हणूनच मी ते जसंच्या तसं लिहिलं असेल, मलाही नीट सांगता येत नाही.

पाहुणेबुवा म्हणजे मुख्य कचेरीतून आले ते. तुम्ही शाखेची किल्ली ज्यांच्यासमोर टेबलावर ठेवून निघून गेलात, तेच. तीन आठवड्यांसाठी आले होते, चार महिने झाले, म्हणून सगळे त्यांना पाहुणेबुवा म्हणतात. तोंडावर नाही. माणूस वाईट नाही हो बाबा. कुणाला अरेतुरे करत नाहीत. ठमीला एकदा खेळणं आणलं होतं. पण त्यांना आमच्यातलं कुणी आवडतं असंही नाही, ते नुसते मोजत असतात.

तुम्ही विचारलंत, पत्रकातला आकडा कुठून आला. एकशे बारा घरांत नोंद नसलेली माणसं राहतात, आपलं पाणी, आपल्या शाळा, आपली जागा कोण खातंय, असं छापलंय. पत्रक तुम्हाला शाखेतल्या इलेक्ट्रिशियन काकांनी पाठवलं असणार. आकडा वरूनच आला असेल. कचेरीत पुष्कळ कागद येतात.

पण लोक परत येतायत, हे मी तुम्हाला सांगायला हवं. दोन वर्षं ज्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही ते आता स्वतः कचेरीत येतात. बेकरीवाला आला, दोन खुर्च्या भरून त्याचे भाऊ आले. शुक्रवारी कोपऱ्यावर छोटी सभा होती तर रस्ता भरला. मास्तर आधी आपलं नेहमीचं बोलले. घर सांभाळा, शेजार सांभाळा, दिलेला शब्द पाळा, अंथरूण पाहून पाय पसरा. टाळ्या पडल्या, पण अशा, हात गरम करायला वाजवतात तशा. मग पाहुणेबुवांनी माईक घेतला आणि एकशे बारा म्हणाले. नुसता आकडा म्हणाले. बाबा, मी मागे उभी होते ठमीला घेऊन, तो आवाज ऐकून ती दचकली आणि रडायलाच लागली.

मास्तर माईकच्या वायरीकडे बघत होते.

कार्डांचं तुम्ही विचारलंत. खरं सांगते, दुरुस्त्या बंद आहेत. तुम्ही गेल्यापासून बासष्ट झाल्या, त्यानंतर पाहुणेबुवा म्हणाले की निवडणूक होईपर्यंत हात लावू नका. म्हणाले, काम केलं की लोक विसरतात, राहिलं की आपली आठवण ठेवतात. मी म्हटलं, आमच्या बाबांचा नियम आहे, दारात मत मागायचं नाही, काय मोडलंय ते विचारायचं, कार्डावर लिहायचं, आणि ते नीट झाल्याशिवाय पुन्हा त्या दारात जायचं नाही. ते हसले. म्हणाले, तुझ्या बाबांच्या नियमाने तीन वर्षांत तीनशे मतं मिळतील, मला दहा दिवसांत बाराशे हवीत.

तुमच्या नियमानेही येत होते हो लोक. ती कोपऱ्यावरची म्हातारी आठवते? जिने तुम्हाला म्हटलं होतं, तुमचा पक्ष मला काटकसर शिकवतो, आधी माझ्या नळाला शिकवा, दिवसरात्र उधळतोय. मी तिचं कार्ड केलं तेव्हा तिने आत बोलावून पाणी दिलं. म्हणाली, हरल्यावर दार वाजवणारे तुम्ही पहिलेच. हळूहळू येत होते. एकेक घर. पण एकेक घर कुणाला पुरतं?

इकडे एक वाईट झालं. मावशींचा घरमालक आला होता. आमचाही तोच मालक आहे. त्याच्या हातात यादी होती. मालकाकडे मावशींची नोंद दोन माणसांची, त्या आणि त्यांची मुलगी. राहतात अकरा. त्यांच्या भावाचा कारखाना बंद पडला, खोली गेली, तेव्हा तो, बायको, पाच पोरं आणि बायकोचे म्हातारे आईबाप, सगळे मावशींकडे आले. मालक म्हणाला, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, सगळ्यांनी. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या पायरीवर कचऱ्याची बादली उपडी केली. मावशींनी ती झाडली आणि शिवायला बसल्या. ठमी त्यांच्या मांडीवर होती.

बाबा, मला भीती वाटते. कशाची ते लिहिता येत नाही.

तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, "कार्डांवर ठिपके अजून काढतेस का?" तुम्हाला कळलंय ना?

मला लिहायला वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. दारात बाई बोलत असते आणि मी एकेक अक्षर काढत बसते, त्याची लाज वाटते. म्हणून मी खुणा करायचे. नळाला आकडी, दिव्याला फुली, गटाराला नागमोडी रेघ. आणि तुम्ही म्हणायचात जिथं माणसं जास्त तिथं आधी जायचं, म्हणून घरात जितकी माणसं तितके ठिपके. मोठ्यांना मोठा, पोरांना बारीक. तीनशेवर कार्डांवर आहेत. पाहुणेबुवांनी एकदा हे ठिपके कसले म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मालकांकडून भाडेकरूंच्या याद्या आणल्या आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

एवढंच झालं. मला काय माहीत ते काय करणार होते.

दुसरं कुणाला बोलू नका. दादालाही नको.

तुमची धाकटी


शुक्रवार, १४ तारीख, दुपार

बाबा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुमचे जावई उद्या पहाटे माल घेऊन तुमच्याच बाजूला निघतायत, ते हातात देतील. त्यांनी वाचलेलं नाही. देताना काही विचारलंत तर त्यांना ठाऊक नाही. ते एवढंच म्हणतात की गप्प बस, वीस तारीख जाऊ दे, आपल्याला याच मालकाच्या खोलीत राहायचंय.

मागच्या पत्रात एवढंच झालं असं लिहिलं होतं. तेवढंच नव्हतं झालं.

पाहुणेबुवांनी विचारलं तेव्हा मी नुसतं सांगितलं नाही. मला किती बरं वाटलं होतं ते तुम्हाला कसं सांगू. एवढा शिकलेला माणूस माझं कार्ड हातात धरून म्हणतो, हे तुझ्या डोक्यातून आलं? आमच्या कचेरीतल्या पदवीवाल्यांना सुचत नाही हे. बाबा, तुम्ही मला कधी असं म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, नीट काढ, पुसट दिसतंय. तर मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक कार्ड समजावत गेले. आणि उदाहरण म्हणून पहिलं कुठलं कार्ड काढलं ठाऊक आहे? मावशींचं. कारण ते मला पाठ होतं. म्हटलं, हे बघा, या घरात पाच मोठे सहा बारीक, नळ मात्र एक आणि तोही ठिबकतो, म्हणून हे सगळ्यांत आधी करायला हवं. त्यांनी विचारलं, अकरा? नोंद आहे का सगळ्यांची? मी हसले. हसले हो बाबा. म्हटलं, कसली नोंद, मालकाला कळलं तर उभं करणार नाही.

दुसऱ्या दिवशी मला टेबल मिळालं. माझं स्वतःचं, ड्रॉवरचं. छातीवर लावायला महिला प्रमुख म्हणून बिल्ला मिळाला.

आणि अजून एक आहे. तेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा राहील. मालक येऊन गेला त्या संध्याकाळी मावशींनी मला विचारलं. ठमीला वाटीने दूध पाजत होत्या. म्हणाल्या, तू कचेरीत असतेस, आमचा आकडा बाहेर कुणी दिला ते तुझ्या कानावर आलं का गं? मी म्हटलं, नाही मावशी. त्या म्हणाल्या, बरं. ठमीचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे दिली. चार दिवस मी रोज सकाळी लेकरू त्यांच्या हातात देत होते आणि रोज कामावर जाऊन बिल्ला लावत होते. मी घाबरले होते. खरं सांगितलं तर त्या ठमीला घेणार नाहीत, काम जाईल, गल्ली मला उभी जाळेल, मालक आम्हालाही काढेल. हे सगळं एका नाही मध्ये बसलं.

परवा मास्तरांकडे गेले. दुसरं कुणाकडे जाणार? ते भाषण लिहीत बसले होते, अंगावर शाल, घशाला पट्टी. मी सगळं सांगितलं. ठिपक्यांचं, मालकाच्या हातातल्या यादीचं. त्यांनी चष्मा काढला.

"आकडा कुठून आला ते मला ठाऊक नव्हतं," म्हणाले. "आणि मी विचारलंही नाही."

मी म्हटलं, मास्तर, शाळेत तुम्ही आम्हाला उत्तर कसं आलं ते दाखवायला लावायचात. नुसत्या उत्तराला गुण द्यायचा नाहीत.

ते जरा हसले. म्हणाले, "गर्दी येतेय गं. दहा वर्षांनी येतेय. आधी निवडून येऊ. मग मी स्वतः मालकांशी बोलेन."

"महिनाअखेर वीस तारखेनंतर दहाच दिवसांनी आहे, मास्तर. शपथ घेऊन हार काढेपर्यंत मावशी रस्त्यावर असतील."

"आणि आता पत्रक मागे घेतलं तर? तिसऱ्यांदा हरलो तर शाखाच बंद होईल. मग घर सांभाळा, शेजार सांभाळा हे सांगायला कोण राहील?"

 मी काय शिकलेली आहे? पण मला एक दिसत होतं ते मी बोलले. म्हटलं, मास्तर, मावशींनी भावाचं आख्खं घर दोन खोल्यांत घेतलं. सरकारकडे हात पसरला नाही, कुणाकडून फुकट काही घेतलं नाही. पोरं दिवे लागायच्या आत घरात असतात, म्हाताऱ्यांना आधी वाढतात. आपण तीस वर्षं लोकांना जे करा करा म्हणून सांगतोय ते तिने केलं. आणि आपण तिलाच मोजून पत्रकात टाकलं. तिचं मत या वेळी आपल्याला होतं. तिने मला सांगितलं होतं, पहिल्यांदाच देणार म्हणून.

मास्तरांनी पट्टीची गाठ चाचपली. मग विचारलं, "तुझे बाबा काय म्हणतात?"

मी म्हटलं, बाबांना मी अजून सगळं सांगितलेलं नाही.

"मग आधी त्यांना सांग," म्हणाले. "ते या पत्रकाला नाही म्हणाले तर मीही नाही म्हणेन. मला एकट्याला जमत नाहीये." एवढा मोठा माणूस असं बोलला आणि मला त्यांच्यासमोर बसवेना.

काल मी कचेरीत जाऊन कार्डं घेतली. सगळी. टेबलाच्या ड्रॉवरमधूनच, चोरी नाही केली. बिल्ला आत ठेवला. पाहुणेबुवा फोनवर होते, त्यांनी हाताने विचारलं कुठे, मी हाताने सांगितलं फिरायला. त्यांना कार्डांची आता गरजही नाही, आकडा त्यांच्याकडे आहे.

आधी वाटलं जाळावीत. मग वाटलं, जाळली तर कोण कुठे किती राहतं ते मलाच ठाऊक राहणार आणि त्या घरातल्यांना ठाऊकच नाही होणार की ते कुणी लिहिलं. म्हणून ठरवलं, ज्याचं कार्ड त्याला परत द्यायचं. आणि तुमचा नियम मोडायचा नाही. दुरुस्ती झाल्याशिवाय त्या दारात जायचं नाही ना? तुमची हत्यारांची पिशवी माझ्याच पलंगाखाली आहे. तुम्ही निघालात तेव्हा हट्टाने ठेवून गेलात. लहानपणी तुम्ही नळाखाली डोकं घालून हात बाहेर काढायचात आणि मी पाना द्यायचे, तेवढं मला येतं. वॉशर घातलं, धागा गुंडाळला, फिरवलं. ज्याला दिवा हवा त्याच्याकडे इलेक्ट्रिशियन काका येतात. ते काही न विचारता आले. गटाराचं आम्हाला दोघांनाही जमणार नाही, ते तसं सांगते.

काल आणि आज मिळून एकोणीस घरं झाली. ठमी कडेवर, पिशवी खांद्यावर. कोपऱ्यावरच्या म्हातारीचा नळ बंद झाला. मग मी कार्ड पुढे केलं आणि सांगितलं, हे ठिपके मी काढले होते आजी, त्यावरून पत्रकातला आकडा झाला. तिच्याकडे तिचा नातू राहतो, नोंद नसलेला. तिने कार्ड डोळ्यांजवळ धरलं. म्हणाली, "म्हणजे मी पण त्या एकशे बारातली?" मी हो म्हटलं. "मी तर टाळ्या वाजवल्या त्या दिवशी," म्हणाली. मग नळ दोनदा उघडून बंद करून बघितला. "मत देईन का ते सांगणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, मी विचारलंच नाही.

सगळीकडे असं झालं नाही. चार घरांनी दार लावलं. एका बाईने कार्ड माझ्या तोंडावर फेकलं आणि ठमीकडे बघून म्हणाली, तुझ्याकडेही कुणी येईल मोजायला. बेकरीवाल्याचा भाऊ मागून ओरडला की ही विकली गेलीय. कुणाला ते त्याने सांगितलं नाही, मलाही ठाऊक नाही.

मावशींकडे मी सगळ्यांत आधी जायला हवं होतं. या एकोणिसांत सगळ्यांत शेवटी गेले, आज सकाळी. त्यांचा नळ नीट केला, त्या शिवत होत्या, मशीन थांबवली नाही. मग मी कार्ड मशीनवर ठेवलं आणि बोलले. ड्रॉवर, टेबल, हसले तेही. आणि नाही म्हणाले होते ते.

त्यांनी पाय थांबवला. कार्ड उचललं. बोटाने ठिपके मोजले, हळूहळू, पोरांचे बारीक ठिपकेसुद्धा.

"एक कमी आहे," म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हटलं, अकराच आहेत मावशी.

"हिचा नाही काढलास," म्हणाल्या आणि ठमीकडे बघितलं. "दिवसभर इथंच तर असते."

बाबा, त्या रागावल्या असत्या तर मला झेपलं असतं. ठमी त्यांच्याकडे झेपावत होती. त्यांनी तिला घेतलं, चिंध्यांतून तिचा एक मोजा शोधून काढला, पायात घातला, आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "उद्यापासून तिला तू सांभाळ." आणि मशीन चालू केली.

मग आता तुमचं. पहिल्या पत्रात मी तुम्हाला मंचावर बसायला बोलावलं होतं. ते मी मागे घेते. तुम्ही मंचावर येऊन गप्प बसलात तर मास्तर जिंकतील, माझी खात्री आहे. तुम्ही बोललात तर कदाचित हरतील, आणि लोक म्हणतील बापलेकीने बुडवलं. तुम्ही आलाच नाहीत तर मास्तर एकटे काही बोलणार नाहीत. तिन्हींतलं काय करा हे सांगायची माझी लायकी नाही. पण येणार असाल तर सभेच्या आधी या. सहाची बस दहाला पोचते. सभा पाचला आहे. मधल्या वेळात मास्तरांना सोबत घ्या आणि मालकाच्या घरी जा. तुम्ही दोघं दारात उभे राहिलात तर तो नाही म्हणणार नाही, त्याच्या घरातला प्रत्येक नळ तुम्ही बसवलाय. आधी मावशींच्या खोल्या राहू देत. मग मैदानावर जाऊन लोकांना काय सांगायचं ते तुम्हाला आणि मास्तरांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त आकडा कसा आला ते सांगा. माझं नाव घ्यायचं असेल तर घ्या.

माझ्यावर रागवायचं असेल तर समोर येऊन रागवा. फोन दादाकडे देऊ नका.

ठमी उठलीय. पिशवीतली वॉशर संपत आलीत, जाताना हार्डवेअरच्या दुकानात जायचंय. अजून दोनशे त्र्याण्णव कार्डं आहेत. निघते, संध्याकाळ व्हायच्या आत आणखी तीन-चार होतील.

भ्यालेलीच,
तुमची धाकटी